शांभवीचा भोंगा

दारावर बसवायचं ते चुंबकाचं जोडकं दिसायला अगदीच क्षुल्लक असतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन वड्या, प्रत्येक करंगळीएवढी. एक चौकटीवर लावायची, एक दाराच्या फळीवर. चौकटीवरच्या वडीच्या पोटात काचेची बारीक नळी असते, नळीत केसासारख्या दोन पट्ट्या असतात, आणि समोरच्या चुंबकाच्या ओढीने त्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. दार उघडलं, चुंबक लांब गेला, की पट्ट्या सुटतात. सुटताना आवाजही होतो, पण तो ऐकायचा तर कान वडीला टेकवावा लागतो. शांभवीने तो टेकवला होता, आणि ती तशी चौकटीला कान लावून, डोळे मिटून उभी असताना सासूबाईंनी तिला पाहिलं.

 शांतव्वा, म्हणजे घरच्या अव्वा, तशाच आत गेल्या आणि लसूण घातलेलं कोमट तेल घेऊन आल्या. ते कानात घालून घेणं समजावून सांगण्यापेक्षा सोपं होतं, म्हणून शांभवीने घालून घेतलं.

समजावून सांगायचं तरी काय? भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली, चाळिशीची बाई. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हंगामी म्हणून मुलांना भिंगं आणि लंबक मोजून देण्यात तिची उमेद गेली. ती जागा कॉलेजने बंद केली तेव्हा उद्यमनगरातल्या एका क्लासची पाटी तिच्या नजरेला पडली. घरांना आणि कारखान्यांना धोक्याची घंटा बसवणाऱ्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षण. ती सहज म्हणून आत गेली आणि तिथल्या टेबलावर उघडून ठेवलेली एक पेटी बघून तिथेच खिळली. आयुष्यभर तिने मुलांना शिकवलं होतं की उष्णता डोळ्यांना दिसत नाही. इथे कोपऱ्यात बसवायचा मुठीएवढा डोळा होता, त्याला फक्त उष्णताच दिसत होती. माणूस समोरून गेला की त्याला कळायचं. माणूस पुतळ्यासारखा उभा राहिला की नाही कळायचं. देवळात गेल्यावर लोक हात जोडतात, तसे तिचे हात आपोआप पोटाशी आले.

घरी तिने सांगितलं की क्लास लावला आहे. एवढंच सांगितलं. पुढचं घरच्यांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकलं.

घर कसबा बावड्यात, गल्लीच्या तोंडाशी. मूळ माणसं गडहिंग्लजकडची, त्यामुळे अर्धं बोलणं कानडी वळणाचं. सासरे वीरभद्रप्पा, म्हणजे आप्पा, यांचं लक्ष्मीपुरीत दोरखंड आणि ताडपत्रीचं दुकान. नवरा संगमेश त्याच दुकानात. आता संगमेश हातकणंगल्याला दुसरं दुकान काढणार होता आणि आप्पांचे गुडघे शिडी चढायला नकार देत होते. अशा वेळी शिकलेल्या सुनेने क्लास लावला, तोही चोराचा, म्हटल्यावर आप्पांना त्यात शंभूमहादेवाची योजनाच दिसली. सून गोदामाला घंटा बसवणार आणि मग लक्ष्मीपुरीच्या गल्ल्यावर बसणार. त्या घराण्यात दुकानाच्या गादीवर आजवर कुठली सून बसली नव्हती. आप्पांनी भाऊबंदांचा विरोध ऐकून घेतला, त्यांना चहा पाजला, आणि सुनेच्या मापाची नवी गादी शिवायला टाकली.

खरी पंचाईत ही होती. आप्पा वाईट असते तर शांभवीने केव्हाच सांगून टाकलं असतं. शांभवीला गादीवर बसायचं नव्हतं. तिला शिडीवर चढायचं होतं. क्लासचे जोतीराम सर, ज्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द म्हणजे मे महिन्यातला गारठा, त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं की शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीला माणूस हवा आहे, तुमचं नाव सांगितलंय, प्रात्यक्षिक परीक्षा झाली की त्याच दिवशी हो किंवा नाही कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. शांभवी योग्य क्षणाची वाट बघत राहिली. प्रयोगाला बसण्याआधी परिस्थिती स्थिर असावी लागते, हा तिचा जन्माचा संस्कार. पण त्या घरात परिस्थिती स्थिर होत नसे. ती तोंड उघडायची आणि कुकरची शिट्टी व्हायची, पाहुणे यायचे, किंवा आप्पा गादीच्या खोळीचा रंग विचारायचे. निळा, ती म्हणायची. आणि मग आत जाऊन स्वतःवर चिडायची.

परीक्षेची अट सोपी वाटत होती. खऱ्या जागी खरी यंत्रणा बसवायची, रोज चाचणी घेऊन ती चालती ठेवायची, आणि परीक्षक येतील तेव्हा त्यांनी स्वतः चोर व्हायचं. शांभवीने आपलं घर निवडलं. घरच्या घरी परवानगी मागायची कुणाची, हा तिचा हिशेब.

पहिली परवानगी अव्वांची लागली. दाराला घंटा बसवायची तर दार बंद असावं लागतं, आणि हे दार दिवसा बंद होत नसे. बंद दारामागे एकतर भांडण असतं नाहीतर आजारी माणूस, असं अव्वांचं मत. शिवाय शेजारच्या बयाबाई दिवसातून कितीदा आत येत याची गणना विज्ञानाच्या आवाक्यातली नव्हती. वाटी न्यायला येत, वाटी द्यायला येत, आणि वाटी नसेल तर वाटी कुठे गेली ते विचारायला येत. शेवटी तडजोड झाली. चुंबक रात्रीपुरता. दिवसा पहारा दिवाणखान्यातल्या डोळ्याने करायचा.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. एकाने विचारलं की बावड्यात चोर येतोय कशाला, हितं आला तर त्याला जेवूनच जावं लागंल. दुसऱ्याने सांगितलं की यंत्रापेक्षा कुत्रं परवडतं. बयाबाईंनी बराच वेळ त्या डोळ्याखाली उभं राहून, मान वर करून, आपली सून माहेरी फोन लावते तेव्हा वाजेल असं काही यात करता येईल का, याची चौकशी केली. येणार नाही म्हटल्यावर त्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

मग आवाजाचा प्रश्न आला. भोंगा गल्लीला ऐकू जाणारा. क्लासच्या नियमाप्रमाणे लेखी परवानगी हवी. शांभवी ती परवानगी देणाऱ्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने विचारलं, आवाज कशाचा, लग्न, सभा की मिरवणूक? ती म्हणाली, चोराचा. त्याने बराच विचार केला आणि तिला मिरवणुकीत घातलं. मिरवणूक कुठून कुठपर्यंत, असं त्याने विचारलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे शांभवीने सांगितलं की दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत. सहभागी माणसं किती? एक, तोही आला तर. कारकुनाने पेन खाली ठेवलं. तो माणूस दुष्ट नव्हता, फक्त त्याच्या नोकरीत असा प्रसंग आला नव्हता. त्याने तिला वडिलकीने सांगितलं की तुमच्या गल्लीच्या तालमीच्या अध्यक्षांची संमती आणा, त्यांची सही असली की बावड्यात कुणी आवाजाबद्दल ब्र काढत नाही.

अध्यक्ष म्हणजे हंबीरराव. गल्लीच्या टोकाला त्यांचा गोठा आणि गोठ्यात गजरा. गजरा ही म्हैस आहे असं म्हणणं म्हणजे पन्हाळा हा दगडांचा ढीग आहे असं म्हणण्यासारखं. काळीभोर, तेल लावलेल्या तव्यासारखी चकाकणारी, शिंगं पाठीमागे अशी वळलेली की कंपास लावून काढावीत. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवतात, शिंगांना मोरपिसं बांधतात, आणि मालक मोटरसायकलवर पुढे आणि म्हैस त्याच्यामागे चौखूर, अशी रस्त्यावरून पळवतात. पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढलेल्या गाडीचा कान फाडणारा आवाज ऐकून म्हशीने आपल्या धन्यामागे धावायचं, यात घराण्याची अब्रू. आणि गेल्या पाडव्याला भर रस्त्यात, सगळ्या बावड्यासमोर, गजरा दुसऱ्याच माणसाच्या गाडीमागे निघून गेली होती.

"तिची चूक न्हाय वैनी," हंबीरराव म्हणाले. एवढा दांडगा माणूस, पण हे बोलताना त्यांनी खाली बघितलं. "समद्यांच्या गाड्या एकसारख्याच बोंबलत्यात. त्या मुक्या जीवानं वळखावं कसं? कुणाचाच नसंल असा आवाज पायजे."

बोलता बोलता त्यांची नजर शांभवीच्या पिशवीतून डोकावणाऱ्या भोंग्यावर स्थिरावली.

करार असा झाला. रोज संध्याकाळी गजरा राजाराम बंधाऱ्यावरून न्हाऊन परत येते, त्याच वेळी शांभवीने चाचणीचा भोंगा वाजवायचा. तो वाजला की हंबीररावांनी तिच्या उंबऱ्याशी गजराला गुळाचा खडा भरवायचा. पाडव्याला तसलाच भोंगा त्यांच्या गाडीवर चढेल. बदल्यात सही, आणि आवाजाबद्दल कुणी तक्रार केली तर तिकडं मी बघतो, हे आश्वासन. शांभवीला हा करार अतिशय शास्त्रीय वाटला. घंटा, खाऊ आणि जनावर, या विषयावरचा तो जुना प्रयोग तिला तोंडपाठ होता. ती रोज उंबऱ्यात उभी राहून गजराचे कान बघायची. पहिले काही दिवस म्हैस दचकली. मग थबकली. मग एके दिवशी भोंगा वाजायच्या आत, नुसतं शांभवी आत वळलेली बघून, त्या दोन मखमली कानांनी तिच्याकडे तोंड केलं, आणि शांभवीच्या अंगावर काटा आला. एका धातूच्या पडद्याची थरथर हवेतून निघाली आणि त्या अवाढव्य काळ्या डोक्यात जाऊन गूळ झाली. याहून मोठं आश्चर्य तिने प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. त्या जुन्या प्रयोगात जनावर बांधलेलं असतं.

परीक्षक आल्या त्या पुण्याहून, प्रियदर्शनी मॅडम. इस्त्रीची सुती साडी, पायात बूट, आणि चेहऱ्यावर अशी शांतता की त्यांनी आजवर शेकडो घरांत चोरी केली असावी. वेळ दुपारची. आप्पा आणि संगमेश दुकानात, अव्वा स्वयंपाकघरात, गजरा गोठ्यात. मॅडमनी सगळी यंत्रणा नजरेखालून घातली. तारा कुठे दिसत नाहीत हे बघून त्यांनी एक भुवई किंचित उचलली. त्यांच्यासारख्या बाईची भुवई म्हणजे इतरांच्या टाळ्या. मग त्या म्हणाल्या की आता यंत्रणा चालू करा, तुम्ही दाराशी थांबा, मी चोर.

शांभवीने दाराजवळच्या बटणांच्या कळपाटीवर आकडे दाबले आणि ती उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. दार रोजच्यासारखं उघडं. मॅडम शांतपणे आत शिरल्या आणि दिवाणखान्याच्या मधोमध गेल्या. कोपऱ्यातल्या डोळ्याने त्यांना पाहिलं. भोंगा वाजला.

इतके दिवस चाचणी म्हणजे क्षणभर वाजवून बंद करायची. पूर्ण ताकदीने, न थांबता, तो भोंगा आजच वाजत होता. शांभवीला छातीत तो आवाज जाणवला आणि अभिमान वाटला. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून दुसरा आवाज आला. तो कानाला कमी आणि तळपायांना जास्त कळत होता.

गजरा भरधाव येत होती. गळ्यात दोर, दोराचं टोक मागे लोंबकळत. कुणाला धक्का नाही, कुणाची बादली सांडली नाही, भाजीवाल्याच्या गाडीला तिने इतक्या अदबीने वळसा घातला की शांभवी बघतच राहिली. ती उंबऱ्यापाशी थांबली. थांबायची जागा तीच होती. पण आज तिथे गूळ नव्हता, आणि भोंगा तर आतून बोलावत होता. दार उघडं होतं. गजरा आत गेली.

दिवाणखाना तसा ऐसपैस, पण तो माणसांच्या मापाने बांधलेला. गजरा आत मावली, वळायला मात्र जागा उरली नाही. प्रियदर्शनी मॅडम कधी दिवाणावर चढल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी बूट काढले नव्हते, आणि पुढे बयाबाईंनी या सगळ्या प्रकरणातली तीच एक गोष्ट लक्षात ठेवली.

आता जे सुरू झालं त्याला विज्ञानात नाव आहे. डोळ्याला एवढं मोठं ऊबदार धूड हललेलं दिसत होतं, म्हणून भोंगा वाजत होता. भोंगा वाजत होता म्हणून गजरा गूळ शोधत हलत होती. मधेच ठरलेली मुदत संपून भोंगा आपोआप थांबायचा, गजरा नवलाने मान फिरवायची, आणि डोळा पुन्हा तिला बघायचा. या चक्राला अंत नव्हता. कागदावर असतं तर शांभवीने त्याला सुंदर म्हटलं असतं.

बंद करायची कळपाटी दाराजवळच्या भिंतीवर, आणि त्या भिंतीला गजराची कूस टेकलेली. शांभवीने मधल्या फटीतून हात घातला. बोटांना आकडे लागत होते, पण प्रत्येक आकड्याला गजरा श्वास घ्यायची आणि दोन कळा एकदम दाबल्या जायच्या. काही वेळा चूक झाल्यावर कळपाटीने स्वतःला कुलूप लावून घेतलं. तसं तिनेच बसवलं होतं. ती धावत जाऊन मीटरपाशी आली आणि तिने घराची वीज बंद केली. पंखा थांबला, भोंगा थांबला नाही. पेटीतल्या बॅटरीने भार उचलला होता. तीही तिचीच करामत. पेटी उघडावी तर पेटी उघडणाऱ्यावर वाजणारी खूण वेगळी, भोंग्याची तार कापावी तर तार कापणाऱ्यासाठी भोंग्याच्या पोटात आणखी एक बॅटरी. प्रत्येक पळवाट तिने आधीच, अगदी मन लावून, बुजवून ठेवली होती. ती अंगणात उभी राहिली आणि तिला अपमान वाटायला हवा होता तिथे भलतंच काही वाटलं. आपण हे केलं आहे, आणि ते आपलंही ऐकत नाही.

यंत्रणेने तेवढ्यात ठरलेले फोनही लावले होते. फोनवर शांभवीच्याच संथ आवाजात निरोप होता, की घरात अनोळखी हालचाल आहे, कृपया यावे. संगमेशने तो रोजच्या चाचणीत इतक्यांदा ऐकला होता की त्याने सवयीने कापला. आप्पांनी मात्र तो नेहमीसारखा शेवटपर्यंत ऐकला. सूनबाई एवढ्या अदबीने बोलतेय आणि आपण मधेच फोन ठेवायचा हे त्यांना कधी जमलं नव्हतं. आज अजून संध्याकाळ झालेली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दुकानातला सगळ्यात जाड दोर खांद्यावर टाकला, चोराला बांधायला, आणि संगमेशला आपल्यामागे ओढत रिक्षात घातलं. यंत्रणेचा छोटा रिमोट संगमेशच्या किल्ल्यांना होता, पण तो मिळवायला फोन करावा, हे घरी कुणाला सुचलं नव्हतं. सुचून ऐकू तरी काय जाणार होतं.

इकडे अव्वा स्वयंपाकघराच्या दारात आल्या. समोर दारभर म्हशीचं तोंड. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "येनव्वा, उपाशी आलीस व्हय?" आणि आत जाऊन गुळाचा डबाच घेऊन आल्या.

गजराने मान स्वयंपाकघरात घातली आणि ती खाऊ लागली. बाकीचं अंग दिवाणखान्यात निश्चल झालं. खिडकीतून बघणाऱ्या शांभवीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डोळ्याला उष्णता दिसत नाही, उष्णतेचा बदल दिसतो. तोंड त्याच्या नजरेबाहेर, आणि धूड स्तब्ध. आता कुणी हललं नाही तर भोंगा थांबेल आणि थांबलेला राहील. तिने खिडकीतून हातवारे करून सगळ्यांना सांगितलं की हलू नका. मॅडम दिवाणावर, एक हात भिंतीवरच्या घड्याळाला धरून, तशाच राहिल्या. बयाबाई वाटी घेऊन दारातून आत एक पाऊल टाकून आल्या होत्या, त्या पाऊल उचललेल्या अवस्थेत राहिल्या. भोंग्याची मुदत संपली.

शांतता पडली. अशी शांतता त्या घराने शांभवीच्या लग्नापासून पाहिली नव्हती. म्हशीच्या चघळण्याचा आवाज तेवढा येत होता. बयाबाई आयुष्यात पहिल्यांदा न हलता आणि न बोलता उभ्या होत्या, आणि शांभवीला वाटलं, हे दृश्य कुठल्याही देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवावं.

मग आप्पा आले. खांद्यावर दोर, मागे संगमेश. "कुठाय त्यो?" म्हणत त्यांनी बयाबाईंना बाजूला सारलं आणि ते दिवाणखान्यात घुसले. भोंग्याने पुन्हा टाहो फोडला, गजराने शेपटी आप्पांच्या तोंडावर मारली, मॅडमच्या हातातून घड्याळ सुटून दिवाणावर पडलं, आणि संगमेशने, कानावर एक हात ठेवून, किल्ल्यांचा जुडगा पुढे धरून, रिमोट दाबला.

गजराला स्वयंपाकघरातून मागच्या दाराने अव्वांनी बाहेर नेलं. गुळाचा डबा पुढे, "बारव्वा, बा" अशी कानडीत ये-ये करत अव्वा मागे न बघता चालत होत्या, आणि ती अजस्र म्हैस फडताळातलं एक भांडंही न हलवता त्यांच्यामागे. परसात तिला बांधलं. तोवर हंबीरराव धापा टाकत पोचले. ते दूध घालायला गेले होते. सगळी हकिगत ऐकून त्यांनी माफी मागावी, अशी मॅडमची अपेक्षा दिसली. हंबीररावांनी गजराच्या गळ्याला मिठी मारली.

"आवाजावर आली की वो," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आख्ख्या गल्लीतनं, कुणाच्या मागं न जाता. पावणं, तुम्ही बघितलासा न्हवं? तुम्ही साक्षीदार हायसा."

दोर तुटला म्हणून कुणीतरी आप्पांकडे तिरकं बघितलं, कारण बावड्यातले दोर आप्पांच्याच दुकानातले. आप्पांनी दोराचं टोक हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं. दोर तुटला न्हाई, गाठ सुटली. गाठ त्यांच्या दुकानात मिळत न्हाई.

प्रियदर्शनी मॅडम दिवाणावरून खाली उतरल्या, साडीच्या निऱ्या नीट केल्या, आणि त्यांनी परीक्षा जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली. हा त्यांचा मोठेपणा शांभवी जन्मभर विसरणार नव्हती. वीज गेल्यावर यंत्रणा चालली का, चालली. चुकीचे आकडे दाबल्यावर कुलूप पडलं का, पडलं. फोन गेले का, गेले. त्या म्हणाल्या की इतकी कडक तपासणी आजवर त्यांनी स्वतःसुद्धा कुणाची घेतली नव्हती. निकाल रीतीप्रमाणे क्लासकडे जाईल, पण त्याची काळजी करू नये.

बोलताना सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, कारण कानात अजून भोंगाच वाजत होता. जोतीराम सरांचा फोन येऊन गेला होता. शांभवीला तो हातात थरथरलेला कळला होता, ऐकू आला नव्हता. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही.

जाता जाता मॅडमनी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारतात तो प्रश्न विचारला. आता पुढे काय करणार?

शांभवीच्या आधी आप्पा पुढे झाले. भाऊबंदांना तोंड देताना जसे ते ताठ उभे राहिले असतील, तसेच ताठ. त्यांनी मॅडमना मोठ्याने सांगितलं की ही आमची शांभव्वा, लक्ष्मीपुरीच्या गादीवर बसणार, आमच्या घरात पहिली सून. "गादी शिवून आलीया," ते म्हणाले. "निळी. हिनंच रंग सांगितला."

त्यांच्या तोंडावर शेपटीचा शेणाचा पट्टा अजून तसाच होता. तो चेहरा इतका आनंदी होता की शांभवीचं तोंड नेहमीसारखं मिटायला लागलं. तिने अव्वांकडे पाहिलं. अव्वा रिकामा डबा पदराने पुसत होत्या आणि सुनेकडेच बघत होत्या. संगमेश किल्ल्या चाळवत होता. परसात, दारात, खिडकीत, सगळी गल्ली जमलेली. परिस्थिती याहून अस्थिर असू शकत नव्हती. शांभवीने विचार केला की ती याहून स्थिरही कधी होणार नाही.

तिने आप्पांच्या खांद्यावरचा दोर उतरवून आपल्या हातात घेतला. ते दोराचं ओझं इतका वेळ वागवत होते हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग ती बोलली. ती हळूच बोलली असं तिला वाटलं. पण कान बधिर झालेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही, आणि जन्मात कधी आवाज न चढवलेल्या त्या बाईचं बोलणं गल्लीच्या टोकाला गोठ्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

"आप्पा, मी गादीवर बसणार नाही. मी शिरोलीला नोकरी धरणार आहे, भोंगे बसवायची."